साक्षीला दिवा: इच्छेची खूण आणि मेणबत्ती

दसऱ्याच्या सकाळी पाटीवर काढलेली सरस्वती आपल्याला आठवत असेल. तिला चेहरा नसतो, हात नसतात, वीणा नसते. एकच्या आकड्यांच्या ओळी मांडायच्या, त्या रेघांनी जोडायच्या, की नक्षीसारखी एक आकृती उभी राहते. घरातली मोठी माणसं तिलाच सरस्वती म्हणतात. तिच्यावर हळदकुंकू आणि फूल वाहायचं, शेजारी निरांजन लावायचं, पुस्तकं मांडायची. एकदोन दिवसांनी तीच पाटी ओल्या फडक्यानं पुसून त्यावर पाढे लिहायचे.

पाश्चात्त्य देशांतल्या आधुनिक चेटूकविद्येत ‘सिजिल’ नावाचा जो प्रकार आहे, तो समजावून सांगताना मी नेहमी ही पाटी पुढे करतो. सिजिल म्हणजे एखाद्या इच्छेची खूण. मनातलं एक वाक्य घ्यायचं, त्याची अक्षरं मोडून एकमेकांत गुंफायची आणि वाचता न येणारी एक आकृती बनवायची. पुढे ती मेणबत्तीवर कोरतात आणि मेणबत्ती लावून तिच्यासमोर बसतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी मोहोर असा आहे. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात मजकूर संपला की शेवटी मोर्तब उमटायचं. त्यानंतर पत्रात काही वाढवता येत नसे. मनाशी ठरलेल्या गोष्टीवर उमटवलेलं मोर्तब, असं सिजिलकडे पाहिलं तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या आपोआप उलगडतात.

आज दिसतं ते या पद्धतीचं रूप फार जुनं नाही. युरोपातल्या मध्ययुगीन पोथ्यांत देवदूतांच्या आणि पिशाचांच्या ठरीव खुणा असत, आणि त्या पोथीतूनच उतरवून घ्याव्या लागत. लंडनचा चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर यानं १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात वेगळी वाट दाखवली: खूण ज्याची त्यानं स्वतःच्या वाक्यातून घडवावी. १९७८ मध्ये पीटर कॅरल आणि रे शर्विन यांच्या पुस्तकांनी ही रीत पुढे नेली. मेणबत्तीच्या विधींवर रेमंड बकलंड यांचं पुस्तक १९७० सालचं. त्याआधी, १९५१ मध्ये, ब्रिटननं १७३५ चा चेटूकविरोधी कायदा रद्द केला होता, आणि १९५४ मध्ये जेरल्ड गार्डनर यांनी ‘विका’ या नव्या पंथाची ओळख पुस्तकातून जगाला करून दिली होती.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात ही गोष्ट मोबाइलवरून आली. औरंगपुऱ्यात क्लासला येणाऱ्या मुलामुलींना मोबाइलवर रंगीत मेणबत्त्या आणि त्यांवरच्या खुणा दिसतात. ‘हे काय असतं, करून पाहावं का?’ असं ती विचारतात. त्यांना हसून उडवून लावणं मला पटत नाही. परीक्षा, नोकरी, घरची काळजी यांनी पोखरलेलं मन काहीतरी धरायला शोधत असतं. म्हणून हे कसं करतात आणि कुठे चुकतं, ते सविस्तर सांगतो.

त्याआधी माझं मत स्पष्ट सांगायला हवं. मेणबत्ती गुण देत नाही, नोकरी देत नाही, दुसऱ्याचं मन वळवत नाही. दिवा साक्षीला असतो. आपल्या दिव्यांच्या अवसेच्या कहाणीतही तसंच आहे. रानातल्या झाडावर गावोगावचे दिवे जमतात आणि आपापल्या घरी काय घडलं ते एकमेकांना सांगतात. त्यातूनच खोटा आळ आलेली बाई निर्दोष ठरते. दिव्यांनी पाहिलेलं असतं, आणि पाहिलेलं ते विसरत नाहीत. आपण ठरवलेलं कुणाच्या तरी साक्षीनं ठरवावं, एवढीच माणसाची जुनी गरज या मेणबत्तीमागे आहे.

आता ‘चेटूक’ या शब्दाबद्दल. इंग्लंड-अमेरिकेत आज काही लोक स्वतःला अभिमानानं चेटकीण म्हणवतात. आपल्याकडे या शब्दाला रक्त लागलेलं आहे. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. कुणाला गमतीतही चेटकीण म्हणू नये, आणि आपली मेणबत्ती कुणाच्या विरोधात लावू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षअखेरीस विधिमंडळानं मंजूर केला. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, करणी केल्याचा आळ घेऊन कुणाला छळणं, या गोष्टींना त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. आपल्या घरात, कुणाला इजा न करता लावलेल्या दिव्याशी त्याला काही देणंघेणं नाही. पण ‘सिद्ध केलेली मेणबत्ती’ म्हणून कुणी भरमसाट किमतीला काही विकत असेल, तर आपण एक रुपयाही देऊ नये. पुढचं सगळं काम वीसपंचवीस रुपयांत होतं.

पहिली पायरी वाक्याची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक खूण सुरेख काढतात, पण वाक्य पोकळ असतं. ‘सगळं चांगलं होऊ दे’ यात कोण काय करणार, ते कुठेच नाही. ‘मला भीती वाटू नये’ यात मनाला पुन्हा भीतीचंच चित्र दिसतं. ‘त्यानं माझ्याशी बोलावं’ हे तर दुसऱ्याच्या मनावर हात टाकणं झालं. वाक्य आपल्याबद्दल असावं, आपल्या हातातल्या गोष्टीचं असावं, आणि त्यात ‘नाही’, ‘नको’ येऊ नये.

उदाहरण घेऊ. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या मुलीचं वाक्य: ‘मी शांत मनानं पेपर लिहीन.’ यात निकाल नाही, निकाल तिच्या हातात नाहीच. पेपर लिहिणं मात्र तिचंच आहे. वाक्य कागदावर लिहून मोठ्यानं वाचावं. वाचताना कुठे अडखळायला झालं, तर तिथे काहीतरी खोटं आहे असं समजून बदलावं. मी तर म्हणेन, या एका पायरीला पूर्ण संध्याकाळ द्यावी.

दुसरी पायरी अक्षरं मोडण्याची. इंग्रजीत स्वर आणि पुन्हा आलेली अक्षरं गाळतात. मोबाइलवरचं पाहून आपली मुलं मराठी वाक्य आधी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि मग मोडतात. तसं करायची काही गरज नाही. देवनागरी या कामाला फार सोयीची आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं काढून टाकावं आणि फक्त मूळ अक्षरं ठेवावीत. वरच्या वाक्यातून म, श, त, म, न, न, प, प, र, ल, ह, न अशी अक्षरं निघतात. पुन्हा आलेली गाळली की उरतात आठ: म, श, त, न, प, र, ल, ह. दहाच्या वर अक्षरं उरली तर वाक्य लांबलंय, ते आखडावं.

तिसऱ्या पायरीवर शिरोरेघ पुसायची. ती गेली की अक्षरांची हाडं दिसायला लागतात. आठांपैकी म, श, त, न, प या पाचांना उजवीकडे उभा दंड आहे. मग पाच दंड कशाला काढायचे? एकच उभी रेघ काढावी आणि पाचांची वळणं तिच्यावर बसवावीत: एका बाजूला म ची गाठ, दुसऱ्या बाजूला न चा छोटा गोल, खाली त चा बाक. र, ह आणि आपला पाकळीचा ल यांना दंड नाही. त्यांतला एखादा टोकाला अडकवावा, एखादा उलटा करून मधे मिसळावा. मोडी लिपी पाहिलेल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. हात न उचलता अक्षरात अक्षर ओवायची सवय आपल्या पूर्वजांच्या बोटांना होतीच.

आता तीच आकृती चारपाच वेळा पुन्हा काढावी आणि प्रत्येक वेळी एखादी रेघ कमी करावी. थांबायचं कधी? दोन गोष्टी झाल्या की. पाहिल्याबरोबर अक्षरं वाचता येत नाहीत, ही एक. आणि डोळे मिटून ती हवेत बोटानं काढता येते, ही दुसरी. रेघांचं जंजाळ झालेली खूण कागदावर प्रभावी दिसते, पण मेणावर उतरत नाही आणि मनातही राहत नाही. मोबाइलच्या अॅपमधून तयार खूण काढणारेही आहेत. त्यात मला काही अर्थ दिसत नाही, कारण या साऱ्या खटाटोपात आपल्या उपयोगाचं जे काही आहे, ते हे काढणं-खोडणंच आहे. एका वाक्याशी अर्धा तास एकटं बसणं रोज कुठे घडतं?

चौथी गोष्ट मेणबत्ती. वीज गेल्यावर लावतो ती पेन्सिलीएवढी बारीक मेणबत्ती कोरताना तुटते. मनगटाएवढी जाड घेतली तर वेगळीच पंचाईत: ती दहा मिनिटंच जाळून विझवली की वातीभोवती खड्डा पडतो, बाहेरचं मेण तसंच राहतं आणि कोरलेली खूण वितळतच नाही. बोटापेक्षा थोडी जाड, पांढरी, बिनवासाची मेणबत्ती सगळ्यात बरी. रंगांचे जे तक्ते फिरतात, पैशाला हिरवी, प्रेमाला गुलाबी, ते पाश्चात्त्य परंपरेतले. आपल्याकडे रंगांचे अर्थ वेगळे आहेत, म्हणून पांढरीवर भागवावं. आपल्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत मेणबत्ती नुसत्या उष्म्यानं वाकते. उन्हाळ्यात ती माठाजवळ किंवा थंड फरशीवर ठेवावी.

कोरायला कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक किंवा जाड सुई चालते. टोक हलकंसं कोमट करावं, मेणबत्ती आडवी धरून घडी केलेल्या फडक्यावर टेकवावी. एका दमात खोल जाऊ नये, तीच रेघ तीनचारदा हलक्या हातानं ओढावी. निघालेला भुगा फुंकून टाकण्याऐवजी मऊ कापडानं पुसावा. खूण लहानशी आणि अगदी वरच्या टोकाजवळ कोरली तर आपण बसलेले असतानाच ती वितळायला लागते. रेघ चुकली तर बोटाच्या उबेनं मेण दाबून सारखं करता येतं, नवी मेणबत्ती आणायची गरज नाही.

बरेच जण कोरलेल्या मेणबत्तीला तेल चोळतात, वाळलेली पानं-फुलं चिकटवतात. चित्रात ते सुंदर दिसतं, पण घरात आग लागायचं तेच मुख्य कारण ठरू शकतं. वाळलेलं पान स्वतःच वात बनतं, आणि मग मेणबत्तीला एकाऐवजी चार ज्योती होतात. तेल लावायचंच असेल तर बोट ओलं होईल एवढंच, आणि वातीपासून दूर. पानफूल शेजारच्या ताटलीत ठेवावं.

आता जागा. उलट्या वाटीवर मेणाचे थेंब पाडून मेणबत्ती चिकटवायची आपली सवय धोक्याची आहे. मेण गरम झालं की ती हळूच कलते. स्टीलच्या खोलगट ताटलीत बोटभर वाळू घालावी आणि तीत मेणबत्ती घट्ट रोवावी. ताटली लाकडी देव्हाऱ्यात, पडद्याजवळ, गादीवर किंवा स्वयंपाकघरात सिलिंडरच्या जवळ ठेवू नये. पंखा बंद करावा. ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा, केस बांधावेत. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात दार लावून बसावं. हाताशी एक झाकण ठेवावं. वितळलेल्या मेणानं पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नये, उकळतं मेण उडून भडका होतो. झाकण घालावं, ज्योत आपोआप मरते. बोट भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावं. टूथपेस्ट नको, बर्फ नको.

मग मेणबत्ती लावायची. लावण्याआधी वात पाचसहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापून घ्यावी. लांब वातीची ज्योत नाचते आणि काजळी धरते. ज्योत नाचली म्हणजे कुणी आलं, काजळी धरली म्हणजे अडथळा आहे, असं सांगणारे भेटतील. वात मेण वर शोषते, ते उष्णतेनं वायू होतं आणि तो वायू जळतो. वारा लागला की ज्योत हलते, वात लांब असली की जळण अपुरं राहून काजळी येते. मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली होती. एका ज्योतीत इतकं शास्त्र भरलेलं आहे की तिच्यात शकुन शोधायची गरजच उरत नाही.

आपलं वाक्य एकदा मोठ्यानं म्हणावं आणि पुढे दहाएक मिनिटं शांत बसावं. ज्योतीकडे पाहावं, खूण वितळताना पाहावी. ‘हठप्रदीपिका’ या योगग्रंथात सांगितलेल्या सहा शुद्धिक्रियांपैकी त्राटक हीच: एका बारीक लक्ष्यावर नजर स्थिर ठेवणं. हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीला ज्योत असली की मान दुखत नाही. डोळ्यांत पाणी आलं की डोळे मिटावेत. अर्धशिशी, फेफरं किंवा डोळ्यांचा आजार असलेल्यांनी टक लावून बसू नये, नुसतं डोळे मिटून उजेडासमोर बसलं तरी चालतं.

या दहा मिनिटांत मन भटकतं आणि लोकांना वाटतं, आपल्याला जमत नाही. भटकू द्यावं. परत आलं की वाक्यापाशी यावं आणि त्याला एक शेपूट जोडावं: कधी आणि कुठे. ‘प्रश्नपत्रिका हातात आली की मी आधी तीन श्वास घेईन.’ पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ प्रकारच्या निश्चयांवर बरंच संशोधन केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असा बांधलेला निश्चय कृतीत उतरण्याची शक्यता जास्त असते, असं त्यातून दिसून आलं. मोबाइलवर ही पायरी मी कुठे पाहिली नाही. मला मात्र ती सगळ्यांत मोलाची वाटते.

अशा निश्चयावरून इथल्या नागसेनवनाची आठवण येते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथलंच. आपल्या शहरातल्या बौद्ध घरांत आणि विहारांत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेसमोर रोज मेणबत्ती लागते. त्या ज्योतीकडे कुणी काही मागत नाही. त्रिसरण आणि पंचशील म्हणताना आपण काय पाळायचं ठरवलं आहे, ते तिच्या उजेडात उच्चारलं जातं. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, सप्टेंबरमध्ये, मेणाचं घर, मेणाचा हात, मेणाचं बाळ वाहतात. तिथे तर इच्छेला थेट आकारच दिलेला असतो. सिजिल हाताळण्याआधी या दोन्ही मेणबत्त्या आपण पाहून ठेवाव्यात.

उठताना मेणबत्ती फुंकू नये. आपल्याकडे दिवा विझवला असंही म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. पाश्चात्त्य पद्धतीतही फुंकर टाळतात. भावनेचं कारण राहू द्या, व्यवहाराचंही आहे: फुंकरीनं गरम मेण उडतं आणि धूर कोंदतो. ज्योतीवर उलटी वाटी धरावी. जळती मेणबत्ती सोडून झोपायला जाणं, ‘पूर्ण जळू द्यायची असते’ म्हणून, हे मात्र कधीही नको. उरलेली मेणबत्ती दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली तरी काही बिघडत नाही.

शेवटची पायरी सगळ्यांना अवघड जाते. स्पेअरचं म्हणणं होतं की खूण नंतर विसरून जावी. लोक नेमकं उलट करतात. खुणेचा फोटो काढतात, तो मोबाइलच्या पडद्यावर लावतात, रोज तपासतात की झालं का. त्यातून काळजीच वाढते. कुणी दर आठवड्याला नवी मेणबत्ती लावत असेल आणि अभ्यास, औषध किंवा डॉक्टर मागे पडत असतील, तर मेणबत्त्या बंद कराव्यात. झोप उडाली असेल, मन सतत खचत असेल, तर घाटी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जावं. खुणेचा कागद लोखंडी घमेल्यात, गच्चीवर जाळावा किंवा सरळ फाडून टाकावा. आपल्याला विसरायची रीत शिकवायची गरज नाही. उंबऱ्यातली रांगोळी दुसऱ्या सकाळी आपणच पुसतो, दहा दिवस पुजलेला गणपती आपणच पाण्यात सोडतो.

मेणबत्ती नकोशी वाटत असेल, तर एक घरचा पर्याय सांगतो. आषाढ अमावस्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घासूनपुसून लख्ख केलेल्या समया-निरांजनं पाटावर मांडतात, भोवती रांगोळी काढतात, आणि कणकेचे दिवे करतात. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळावी, चमचाभर तूप घालावं. लिंबाएवढा गोळा घेऊन वाटीसारखा खोलगट करावा, एका टोकाला चिमटीनं चोच काढावी. बुडाशी काडीच्या टोकानं आपली खूण उमटवावी, जरा खोलच, कारण उकडताना कणीक फुगते आणि उथळ रेघा भरून जातात. मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवावं. मग तुपात भिजवलेली फुलवात ठेवून दिवा लावावा, वाक्य म्हणावं, तूप संपेपर्यंत समोर बसावं. ज्योत शांत झाली की वात काढून टाकावी, काजळलेला भाग खुडावा, आणि दिवा कोमट आहे तोवरच वर आणखी तूप सोडून खाऊन टाकावा.